मागच्या बाकावरचा धूर

आमच्या जुन्या जीपचा धूर मागे बसणाऱ्यांच्या नाकात जातो. चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याने शेतावर जाताना मुलं मागच्या आडव्या बाकांवर बसतात, उकाड्यामुळे मागचा कॅनव्हास गुंडाळून ठेवलेला असतो, आणि मुळगाव येईपर्यंत कुणाचं तरी डोकं दुखायला लागतं. कॅनव्हास खाली सोडला तर आत जास्तच कोंडतं.

गाडी महिंद्राची, एमएम ५४०. इंजिन प्यूजोच्या परवान्यावर इगतपुरीत बनलेलं, चार सिलिंडरचं, २,११२ सीसीचं. नवी असताना ताकद ६२ हॉर्सपॉवरच्या आसपास. पंधरा वर्षं केव्हाच उलटली. कल्याणच्या आरटीओत पुन्हा नोंदणी झाली, पर्यावरण करही भरला. सायलेन्सर मात्र पोटातून सडला आहे. त्याच्या खालच्या बाजूला स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर आरपार जातो.

नवी नळी बसवायचीच आहे, तर कशी बसवायची? हा प्रश्न घेऊन मी विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या एका वेल्डिंगच्या गाळ्यात गेलो. तिथले मिस्त्री मूळचे सातारा भागातले. उल्हासनगरच्या बराकीत राहणाऱ्या एका सिंधी उस्तादाच्या हाताखाली ते पोरवयात काम शिकले. सोबत मी अंबरनाथच्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या एका काकांना नेलं होतं. त्यांचं आयुष्य तपासणी विभागात गेलं, आणि ड्रॉइंगशिवाय ते भोकसुद्धा पाडू देत नाहीत. दोघांचं जुंपणार हे ठाऊक होतं. जुंपावं असंच मला वाटत होतं, कारण जुन्या गाडीच्या धुराच्या नळीबद्दल दोन्ही बाजूंनी नीट बोलणारी माणसं एकत्र सहसा भेटत नाहीत.

मिस्त्रींनी आधी जीपखाली दिवा धरला. मग इंजिन चालू करायला सांगून नळीच्या तोंडावर जाड फडकं दाबलं आणि कान लावला. पुढे मॅनिफोल्डच्या फ्लँजपाशी फिस्स असा आवाज आला. तिथे काजळीची काळी रेघही उमटलेली होती.

मिस्त्री : बघा. निम्मा धूर इथूनच सुटतोय. गिअरच्या दांड्याचं रबर फाटलंय, पेडलची भोकं उघडी आहेत. तिथून तो आत येतो. मागच्या पडद्याला उगीच दोष देता.

काका : पण मागूनही येतोच ना?

मिस्त्री : येतो की. मागच्या दांडीला कापडाची पट्टी बांधून गाडी पळवा, पट्टी बाहेर उडत नाही, आत वळते. चौकोनी पाठ आहे गाडीची. पुढे हवा फाडत जाते, मागे पोकळी राहते, ती भरायला वारा उलटा फिरतो. आणि तुमची नळी बंपरच्या आतच संपलीय. मग धूर जाणार कुठे?

इथे काकांनी मान डोलावली. ही गोष्ट मिस्त्रींना कुठल्या पुस्तकाने सांगितली नव्हती, आणि ती पूर्ण खरी होती. माझ्या मनात आतापर्यंत सगळा प्रश्न सायलेन्सरचा होता. पण मुलांच्या डोकेदुखीचा उपाय फ्लँजचं गॅस्केट, फाटलेलं रबर आणि नळीची लांबी यांत होता. सायलेन्सर त्यानंतर येतो.

मिस्त्री : आता माझं ऐका. मधला सायलेन्सरचा डबा काढून टाकू. मॅनिफोल्डपासून मागपर्यंत दोन इंची सरळ नळी, शेवटी सायलेन्सरची छोटी बाटली. इंजिन मोकळं होईल. बारवीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये जीप दम टाकते ना, तो टाकणार नाही.

काका : दम नळीमुळे जातो हे कशावरून? नोझल शेवटचे कधी तपासले? पंपाचं टायमिंग? एअर फिल्टरमधलं तेल कधी बदललं?

मिस्त्री : ते पंपवाल्याचं काम. मी नळीचं बोलतोय.

काका : मग नळीचंच बोलू.

त्यांनी फरशीवर खडूने हिशेब मांडला. मिनिटाला ३,००० फेऱ्या म्हणजे १,५०० वेळा हवा आत ओढली जाते. प्रत्येक वेळी सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, हे धरून मिनिटाला साधारण अडीच हजार लिटर. बाहेर पडताना तापलेला वायू फुगून सहा हजार लिटरच्या घरात जातो. आत्ताची नळी आतून ४५ मिलिमीटर, तिच्यातून त्याला सेकंदाला साठ मीटरहून जास्त वेगाने पळावं लागतं. तीच नळी आतून ५० मिलिमीटर केली, तर वेग पन्नासच्या आसपास उतरतो आणि घर्षणाचा अडथळा साधारण चाळीस टक्क्यांनी घटतो.

मिस्त्री : म्हणजे माझंच बरोबर.

काका : नळीपुरतं बरोबर. ५० ला माझी हरकत नाही. अडीच इंची मात्र नको. एवढ्याशा इंजिनाला तिचा उपयोग थोडा आणि ती बसवायला जागा नाही. ॲक्सलला घासेल, डिझेलच्या नळीला चिकटेल. धुराची नळी इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत येता कामा नये, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलंय. ११३ वा नियम.

मिस्त्री : मी चार बोटं सोडतो. तुमच्या नियमापेक्षा जास्तच.

काका : मग डबा का काढता?

मिस्त्री : कारण अडथळा डब्यातच आहे. नळी कितीही रुंद करा, मध्ये जाळी, भिंती, उलटे-सुलटे वळसे असले की धूर तिथेच अडतो. आणि बाजारात मिळणारा डबा कसला असतो माहितीय? कापून बघितलाय मी. आत दोन पत्रे, बस. आवाजही अडवत नाही आणि धूरही धड सोडत नाही.

यावर काका थोडा वेळ गप्प बसले. स्वस्त डबा कापून पाहिलेल्या माणसाशी त्याबद्दल वाद घालणं अवघड असतं. मग त्यांनी वेगळ्या टोकाने सुरुवात केली.

काका : आवाज म्हणजे काय ते बघा. चार सिलिंडर, ३,००० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला शंभर धक्के. हा खर्जातला आवाज आहे. डबा मोठा असेल तर धक्का आत पसरतो, मंद होतो, मग बाहेर येतो. छोट्या बाटलीत त्याला पसरायला जागाच नाही. बाटली चिरका आवाज मारते, खर्ज तसाच सोडते. आणि खर्ज भिंतीतून जातो, खिडकीची तावदानं थरथरवतो. नियमातही सायलेन्सरचं वर्णन करताना वायूला पसरायला जागा देणाऱ्या पेटीचाच उल्लेख आहे, १२० व्या नियमात. ट्रॅक्टरसुद्धा त्यातून सुटलेला नाही.

मिस्त्री : काका, गिऱ्हाईक आवाज मागतं. बुलेटवाली पोरं येतात, डबा काढा म्हणतात. मी नाही म्हटलं तर पलीकडच्या गल्लीत जातात. तयार फटाक्याचे सायलेन्सर दुकानात टांगलेले असतात, ते विकणाऱ्याला कोण विचारतं? रस्त्यावर पकडला जातो पोरगा, आणि नाव येतं बसवणाऱ्याचं.

काका : कायद्यात आवाज-प्रदूषणाला दहा हजारांपर्यंत दंड आहे. गाडीत परस्पर बदल केला तर मालकाला बदलामागे पाच हजार, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदही.

मिस्त्री : दंड मला नका सांगू. २०१४ साली टँकरवाल्यांनी वालधुनी नदीत रसायन सोडलं, रात्रीत शेकडो माणसं दवाखान्यात गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथवर उग्र वासाचा धूर पसरला, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते. बदलापुरात रात्री खिडकी उघडली की वास येतो, तुम्हीही तिथलेच. आणि आम्ही इथे एका जीपच्या डब्यावर भांडतोय!

मिस्त्रींच्या या बोलण्यात मला काहीही खोटं दिसत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात हवेचा सगळ्यात मोठा गुन्हा जुन्या जीपचा नाही. रात्री चिमणीतून किंवा नाल्यात काय सुटतं, हे शोधायला माणसं अपुरी पडतात आणि नाक्यावर सायलेन्सर ओळखायला एक कान पुरतो. म्हणून कारवाई जिथे सोपी तिथेच होते. हे अन्यायाचं आहे आणि ते मोठ्याने म्हणायला हवं. काकांनीही ते नाकारलं नाही. त्यांनी जे उत्तर दिलं ते मात्र मला पटलं, कारण त्यात उपदेश नव्हता, अंतराचा हिशेब होता.

काका : चिमणीचा धूर वाऱ्यावर पसरत पसरत आपल्यापर्यंत येतो. या नळीचं तोंड जमिनीपासून हातभर उंचीवर आहे. सिग्नलला शेजारी रिक्षा थांबते, तिच्यातल्या बाईच्या मांडीवरचं पोर आणि नळीचं तोंड यांच्यात चार-पाच फूट. धूर किती सुटला यापेक्षा तो कुणाच्या नाकापासून किती लांब सुटला, हे जास्त महत्त्वाचं. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत नक्की धरला. आपल्या जीपला कुठलाही फिल्टर नाही. जे सुटेल ते सगळं तसंच.

मिस्त्री : मग काय, जीप भंगारात घालायची?

काका : नाही. म्हणून तर तुमच्याकडे आलोय. पीयूसीवाला जुन्या डिझेलला ६५ हार्ट्रिजपर्यंत काळेपणा चालवून घेतो. आपण तिथे थांबायचं नाही. आधी नोझल, पंप, फिल्टर. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल, निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे थंड इंजिन किंवा आत पाणी. नळी बदलून यातला एकही रंग बदलत नाही.

मिस्त्री : हे मान्य. काळा धूर घेऊन येणाऱ्याला मीही पंपवाल्याकडेच धाडतो.

मग दोघे नळीचं तोंड कुठे काढायचं यावर आले. मिस्त्रींचा पहिला विचार डाव्या बाजूला, मागच्या चाकाच्या पुढे काढायचा. नळी आखूड होते, वळणं कमी होतात, खर्च वाचतो. गावाकडच्या जीपांना तसंच केलेलं मी पाहिलं आहे. काकांनी लगेच हात आडवा केला. आपल्याकडे फूटपाथ, बसस्टॉप, रस्त्याच्या कडेने चालणारी माणसं डावीकडेच. ११२ व्या नियमाप्रमाणे धूर डावीकडे सोडायचा नाही, खाली जमिनीवरही सोडायचा नाही. उजवीकडे किंवा मागे सोडायचा. खाली का नाही? धुराच्या झोताने रस्त्यावरची धूळ उडते आणि चिखलात तोंड बुजतं.

मिस्त्री : ट्रॅक्टरसारखी वर नेऊ का? बॉनेटच्या बाजूने सरळ छतावर. बर्फाच्या देशात पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्यांची नळी वर असते, फोटोत बघितलंय.

काका : त्यांना बर्फात बुडायची भीती असते. ट्रॅक्टरच्या मागे माणसं बंद पडद्यात बसत नाहीत. आपल्या छताला कॅनव्हास आहे, नळी तापेल तेव्हा त्याचं काय? झाडाची फांदी लागली तर? मागेच काढू. मागच्या बंपरच्या तीन-चार इंच बाहेर, किंचित उजवीकडे वळवून.

मिस्त्री : तीन-चार इंचांत रिव्हर्स घेताना भिंतीला लागते. दोन इंच, आणि टोक तिरकं कापतो.

काका : चालेल. तुमच्या पट्टीच्या प्रयोगाने बघू, आत वळते का ते.

नळीच्या तोंडावर तरी दोघांचं एकमत झालं. पुढचा बराच वेळ नळीच्या लोखंडावर गेला, आणि मला वाटतं खरं शहाणपण याच भागात होतं. मिस्त्रींच्या कोपऱ्यात जीआयच्या पाण्याच्या नळ्या उभ्या होत्या. स्वस्त पडतात, गंजत नाहीत, म्हणून बरेच जण त्याच वापरतात. काकांनी त्या बाजूला बोट दाखवलं.

काका : ही नको. जस्ताचा मुलामा वेल्डिंगच्या आगीत जळतो, त्याची वाफ तुमच्या छातीत जाते. संध्याकाळी अंग तापतं, थंडी वाजते, सकाळी बरं वाटतं. होतं का असं?

मिस्त्री : पोराला होतं. आम्ही दूध देतो.

काका : दुधाने काही होत नाही. ही नळी वेल्ड करूच नका. काळी माइल्ड स्टीलची घ्या, दीड मिलिमीटरच्या पुढच्या जाडीची. किंवा परवडत असेल तर स्टेनलेस.

मिस्त्री : स्टेनलेस टिकतं, पण कडक. इंजिन हलतं, जीप हलते, जोड फाटतो.

काका : म्हणून मॅनिफोल्डनंतर फ्लेक्सिबल टाका आणि मागे रबराचे हँगर. तुम्ही नळी चॅसिसला वेल्ड करून टाकता, तीच फाटते.

मिस्त्री : बरं. पण डबा आतून सडतो त्याचं काय? दर दोन पावसाळ्यांत सडतो. रस्त्याचं पाणी उडतं.

काका : रस्त्याचं पाणी थोडं. खरं पाणी आतून येतं. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. इंजिन तापलेलं असलं तर वाफ बाहेर जाते. ही जीप बदलापूर स्टेशनपर्यंत जाऊन परत येते, डबा तापतच नाही; वाफ आत थंड होऊन पाणी होते, धुरातलं आम्ल त्यात मिसळतं आणि पत्रा खातं. डब्याच्या सगळ्यात खालच्या जागी तीन मिलिमीटरचं एक भोक पाडा. पाणी गळून जाईल.

मिस्त्री : भोकातून आवाज येईल.

काका : तेवढ्या भोकातून? नाही.

आमच्या घरी कुणालाच हे माहीत नव्हतं. शेतावर न जाता नुसतं बाजारात फिरून जीप ‘वापरात ठेवतो’ असं आम्ही समजत होतो. त्यामुळेच तिचा सायलेन्सर लवकर संपत होता.

शेवटी भांडण पुन्हा डब्यावर येऊन थांबलं. मिस्त्री छोट्या बाटलीवर अडलेले, काका मोठ्या पेटीवर. मिस्त्रींची बाजू अजून जिवंत होती: चांगला डबाही इंजिनाला अडवतोच, आणि ६२ हॉर्सपॉवरच्या म्हाताऱ्या इंजिनाकडे द्यायला फार ताकद उरलेली नाही. काकांची बाजूही जिवंत होती. वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. रस्त्यावरची गाडी त्यांत बसत नाही हे खरं, पण उघडी नळी त्याच्या किती पलीकडे जाईल? डेसिबल दहाने वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते. उल्हासनगरच्या कॅम्पांमध्ये बराकींच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती एकमेकींना चिकटलेल्या आहेत. गल्लीतून गेलेला खर्ज भिंतींवर आपटत चौथ्या मजल्यापर्यंत जातो. पहाटे शेताला निघणारा माणूस मी, झोपमोड वाटेत अशा मजल्यांवर राहणाऱ्यांची. या मुद्द्यावर मी काकांच्या बाजूचा आहे. जीप माझी असली तरी तिचा आवाज ऐकणं कुणी माझ्याशी ठरवून घेतलेलं नाही.

काका : मिस्त्री, अंदाजाने नको. मोजू.

मिस्त्री : कशाने? आमच्याकडे कसलं यंत्र?

काका : पारदर्शक प्लॅस्टिकची नळी आणि पाणी. मॅनिफोल्डच्या पुढे नळीला एक भोक पाडा, त्यावर नट वेल्ड करा, त्यात तांब्याची हातभर नळी. ती प्लॅस्टिकच्या नळीला जोडा आणि ती यू आकारात फळीवर बांधा, आत अर्धं पाणी. गाडी बारवीच्या चढाला पूर्ण दाबून चालवा. धूर मागे दाबला जाईल तेवढं पाणी एका बाजूला उतरेल, दुसऱ्या बाजूला चढेल. दोन्हीकडच्या पातळीतला फरक म्हणजे अडथळा. अशा साध्या, टर्बो नसलेल्या डिझेलला तो एक मीटर पाण्याच्या आत असला, तर डबा निर्दोष समजा.

मिस्त्रींनी फळीकडे पाहिलं, मग छताला टांगलेल्या पाइपांकडे. एक मीटर म्हणजे किती ते हाताने मोजून पाहिलं.

मिस्त्री : आणि एक मीटरच्या वर गेला तर?

काका : तर डबा बदलू. बाटली नाही, त्याच लांबीचा पण आत मोकळा असलेला डबा. तुम्हीच बनवा, तुम्ही कापून पाहिलेत.

मिस्त्री : आत छिद्रांची नळी सरळ ठेवतो, भोवती काचेची लोकर भरतो, बाहेरचा डबा मोठा. आवाज लोकर पिते, धूर सरळ जातो.

काका : लोकर हळूहळू उडून जाते.

मिस्त्री : मग उघडता येईल असा, बोल्टच्या झाकणाचा डबा करतो. तीन वर्षांनी बदलायची लोकर. बोल्ट स्टेनलेसचे, गंजणार नाहीत.

काकांनी खिशातून पेन काढून नव्या डब्याची मापं लिहायला सुरुवात केली: लांबी, झाकणाचा व्यास, बोल्ट किती. मिस्त्री त्यांना आठ बोल्ट सांगत होते, काका सहा म्हणत होते.